आरमाराची तपासणी

व्याह्यांना बोटीतून फिरवून आणायचा घड्याळजींचा हा चौथा प्रयत्न होता. पहिल्या वर्षी मोटर सुरूच झाली नाही. दुसऱ्या वर्षी सुरू झाली, पण बोटीच्या बुडाला असतं ते बूच घरी टीव्हीवर राहिलं, आणि दोघे तळ्यात जाण्याआधी तळंच बोटीत आलं. तिसऱ्या वर्षी मोटर पुन्हा रुसली. तेव्हापासून व्याही, म्हणजे सुनेचे वडील, फोनवर आधी तब्येत विचारत नसत. "काय व्याही, आरमार काय म्हणतंय?" इथूनच सुरुवात. नात्यातल्या प्रत्येक लग्नात ते ही गोष्ट नव्याने सांगत, आणि दर खेपेला बोटीतलं पाणी चार बोटं चढत असे.

यंदा मात्र घड्याळजींनी जाहीर करून टाकलं होतं, "मोटर मी स्वतः उघडली, स्वतः बसवली. मोटर म्हणजे तरी काय, मोठं घड्याळच!" यातलं पहिलं अर्धं खरं होतं. उघडलेली मोटर पलंगाखाली पोत्यात होती. बोटीला लावलेली मोटर त्यांनी काल संध्याकाळी मावसभावाकडून गुपचूप आणली होती. मावसभाऊ पलीकडच्या तळ्याकाठी राहायचा.

तळ्याच्या उतारावर तपासणी चौकी होती आणि चौकीत निळा गणवेश घालून सून उभी होती. कुठूनतरी परमुलखातून आलेल्या शिंपल्यांनी आसपासची तळी गिळायला घेतली होती. नळ तुंबले, मोटरी तापून बंद पडल्या, आणि पाय ठेवावा तिथे कवचांच्या धारेने रक्त. एका तळ्यातून दुसऱ्यात ते बोटींना चिकटून जात, बिनतिकिटाचे. म्हणून बोट स्वच्छ, रिकामी आणि कोरडी असल्याशिवाय सून कुणालाही पाण्यात सोडत नसे.

"मालक कोण?" तिने फळीवर कागद अडकवत विचारलं.

"अगं, मी!"

"बोट याआधी कुठे होती?"

"आपल्या अंगणात. काल तूच तिच्यावर चादरी वाळत घातल्यास."

"किती दिवस कोरडी आहे?"

"चादरींना विचार."

"सोडू नकोस गं त्यांना," व्याही खूश होऊन म्हणाले. ते संध्याकाळी परत जाणार होते, आणि सकाळपासून जीवरक्षक जाकीट घालून बसले होते. "सासरा तपासायची संधी कुणाला मिळते?"

सुनेने बोटीच्या बुडावरून उघडा हात फिरवला आणि मध्येच थांबवला. "खरखरीत लागतंय."

"नवा रंग आहे."

"शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, मामंजी. हाताला मात्र अशीच लागतात, पॉलिश पेपरसारखी."

घड्याळजी खाकरले. "रंगाचा डबा वाळूत कलंडला होता. पण मी गाळून घेतला."

"कशाने?"

"चहाच्या गाळणीने."

सुनेला गेल्या आठवड्यातल्या चहाचा उलगडा झाला. तरी ती चेहरा सरळ ठेवून म्हणाली, "वाळूच आहे, हे दाखवा."

घड्याळजींच्या खिशात भिंग कायम असे. त्यांनी ते डोळ्याला लावलं. वाळू, ब्रशाचा केस आणि एक रंगीत मुंगी. सुनेनेही पाहिलं, खूण केली, मग मोटरीची पाणी ओढायची जाळी बॅटरी मारून तपासली. "ठीक दिसतंय," ती म्हणाली आणि सहीसाठी पेन काढलं.

भिंग डोळ्याला होतंच, म्हणून घड्याळजीही कौतुकाने जाळीवर वाकले. कोपऱ्यात तिळाएवढा, तपकिरी पट्ट्यांचा शिंपला बसला होता. बसलाही कसा, जुना भाडेकरू बसतो तसा. हलवून दाखवा!

कुणी पाहिलं नव्हतं. व्याह्यांचा एक पाय बोटीत पडलाही होता. घड्याळजींनी भिंग काढून खिशात टाकलं, पण शिंपला दिसतच राहिला. आत कण असताना घड्याळाचं झाकण लावायचं नाही, या एका खोडीपायी त्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"सही करू नकोस," ते म्हणाले. "जाळीत एक आहे."

सुनेने भिंग मागून घेतलं, पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "पण बोट अंगणात होती ना?"

"बोट होती. मोटर नव्हती. मोटर मावसभावाची आहे." घड्याळजींनी तळ्याकडे बघत उरलेलंही ओकून टाकलं. "आपली पोत्यात आहे."

"सगळी?" व्याह्यांनी विचारलं.

"बहुतेक."

आता गरम पाण्याची धुलाई, आणि मग बोटीला मोटरीसकट एकवीस दिवस सील. व्याह्यांनी पाय बाहेर काढला. ते हसले नाहीत. घड्याळजींना त्याचीच जास्त भीती वाटली. येणाऱ्या सगळ्या लग्नांच्या पंगती त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या.

व्याह्यांनी घरी फोन लावला. "अगं, मी तीन आठवडे येत नाही. व्याह्यांची मोटर पोत्यात आहे, ती जोडायचीय. नाही, मला त्यातलं काही कळत नाही. त्यांनाही नाही. म्हणून तर दोघं लागणार."

घड्याळजी सुनेच्या जवळ सरकले. "एकवीसचे थोडे कमी नाही का गं होत?"

"नियम आहे, मामंजी," सून म्हणाली आणि बोटीतून सीलची तार ओवू लागली. वडील तीन आठवडे राहणार याचा आनंद तिने गणवेशात शोभेल तेवढाच दाखवला.