वीतभर पेटी

आठ दिवस खपून केलेल्या पेटीवर घड्याळजीने किल्ल्यांचा जुडगा आपटला, तशी शिवत बसलेल्या त्याच्या बायकोच्या बोटात सुई शिरली. पेटी केवढी, तर वीतभर. टेबलाच्या जुन्या खणाचं लाकूड तासून त्याने तिच्या फळ्या पाडल्या होत्या, घड्याळाच्या पितळी पत्र्यातून बिजागऱ्या कापल्या होत्या, टाचण्यांची डोकी खिळे म्हणून एकेक ठोकली होती. अशा वस्तूवर कोणी किल्ल्या मारतं?

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"प्रवासाची पेटी आहे," तो भिंगातून नजर न काढता म्हणाला. "टक्केटोणपे खायला नकोत?"

बोलण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं, पण कामाला बसलेल्या नवऱ्यापुढे तिचंही चालत नसे. आणि खरं सांगायचं तर तिला नुसतं बघत राहावंसं वाटत होतं. भांडी घासायची तारेची घासणी त्याने कालपासून व्हिनेगरमध्ये भिजत घातली होती. चहाच्या पाण्याने माखलेल्या लाकडावर त्या पाण्याचा बोळा फिरला, आणि फळी डोळ्यांदेखत काळवंडली. मग पॉलिश कागदाने त्याने कडा घासल्या, कडीच्या मागची जागा मात्र मळकीच ठेवली. तिथे कोणाचा हात पोचतो? सगळीकडे सारखं झिजलेलं ते खोटं, असं त्याचं म्हणणं. मूठ केली घड्याळाच्या जुन्या पट्ट्याची. डाव्या कोपऱ्याला खोक पाडली, कारण लहानपणी आईची खरी पेटी त्यानेच जिन्यावरून ढकलली होती. धन्य आहे बाबा, असं बायको मनातल्या मनात म्हणाली.

हा सगळा खटाटोप आईसाठी. अंथरुणाला खिळलेली म्हातारी महिनाभर एकच धोशा लावून बसली होती, माझी पेटी आणा. धड जेवेना, की त्यापलीकडे दोन शब्द बोलेना. मुलाला तर ती 'मिस्त्री' म्हणू लागली होती. आणि पेटी? ती घर बदलताना घड्याळजीनेच भंगारात काढली होती, आईला न विचारता. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. आई आहे तोवर तिची पेटी तिच्या हाती पडावी, मांडीवर मावेल एवढी का होईना, एवढंच त्याला हवं होतं.

दुपारी त्याने ती आईच्या मांडीवर ठेवली. म्हातारीने कडी काढली, झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मिस्त्री, काम सुरेख आहे हो," ती म्हणाली. "पण ही माझी नव्हे. माझी नवी कोरी आहे. हिरवा रंग अजून हाताला लागतो."

घड्याळजीचा चेहरा खर्रकन उतरला. बायकोला आता कळलं. नवऱ्याने केली ती त्याला आठवणारी पेटी. सासूबाई मात्र मनाने अजून माहेरच्या घरातून पहिल्यांदा निघाल्या त्या दिवशीच होत्या. तेव्हा हा मुलगाच जन्माला यायचा होता, पेटीवर ओरखडा कुठून येणार?

म्हातारीचं बोट कोपऱ्यावरच्या खोकेवर थांबलं. ही कोणा लेकुरवाळीची दिसते, पोरांनी आपटलेली, असं ती म्हणाली. तिला नेऊन द्या, शोधत असेल.

घड्याळजी खाली जमिनीवरच बसला.

"तिच्या मुलाने ती भंगारात घातली," तो म्हणाला. "तिला न विचारता."

म्हातारीने पेटी डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ निरखली.

"आणि ही त्यानेच केली?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग कसला राग धरते ती! आईच्या पेटीकडे एवढं बघणारं पोर कोणाच्या वाट्याला येतं?" तिने पेटी त्याच्या हातात दिली. "नेऊन दाखवा तिला. आणि माझी तेवढी हिरवी करा."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. घड्याळजीने पेटी बाजूला ठेवली.

"हिरवी म्हणजे कशी हिरवी?" त्याने विचारलं.

आणि महिनाभर एका वाक्यापलीकडे न बोललेली त्याची आई उशीला टेकून बसली आणि सांगू लागली.