अर्धा तास निवांत

बोलणी अडली ती पगारावर नव्हे, जेवणाच्या सुट्टीवर.

एल्मा कांगस पहिलीला शिकवायची आणि शिक्षकांच्या वतीने करार करायला बसली होती. समोर शाळा मंडळाचा अध्यक्ष रूडी बर्टोलिनी. गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. दोघं याच शाळेत एका वर्गात शिकलेली, त्यामुळे मंडळाचा वकील ‘माननीय अध्यक्ष’ म्हणाला की एल्माला हसू आवरत नसे.

शिक्षकांच्या मागण्या दोन. दुपारी अर्धा तास निवांत जेवण, तेवढा वेळ मुलं दुसऱ्या कुणी सांभाळायची. आणि शुक्रवारी लवकर सुट्टी.

“अगं, जेवायला असा किती वेळ लागतो?” रूडी म्हणाला. “मी तर गल्ल्यावर उभ्या उभ्या खातो.”

“तुझ्या गल्ल्यावरचे खिळे शू लागली म्हणत नाहीत, रूडी.”

“पोरंच ती. वाघ आहेत का?”

“मग ये उद्या. जेव माझ्या वर्गात.”

वकील खाकरला. पण रूडी लहानपणापासून हट्टी. “येतो!”

दुसऱ्या दिवशी बाहेर मांडीभर बर्फ. रूडीने बायकोने दिलेली, मांस-बटाट्याचं सारण भरलेली पेस्टी उघडली, एक घास घेतला, आणि एका मुलीने दुधाचा डबा पुढे केला, “उघडून दे.” मग आणखी डबे आले. मग खेळायला बाहेर जायची तयारी: जाड विजारी, बूट, कोट, हातमोजे. एकाच्या कोटाची चेन अडकली. रूडी फरशीवर गुडघे टेकून बसला, पेन्सिलीचं शिसं चेनच्या दातांवर घासलं आणि ती सर्रकन वर नेली. तेवढ्यात सगळ्यात आधी तयार झालेला मुलगा म्हणाला, “मला शू लागली.”

एल्मा दारात हाताची घडी घालून उभी होती. हसायचं म्हणून आली होती, पण त्या घामेजल्या टकलाकडे पाहून तिला मायाच आली.

मुलं दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर बाहेर गेल्यावर रूडी चिमुकल्या खुर्चीत कसाबसा मावला. “पटलं गं बाई. पण माणसं मिळत नाहीत. बसचा ड्रायव्हर सोडून गेल्यापासून सकाळची बस मीच चालवतोय.”

एल्माने चमकून त्याच्याकडे पाहिलं. रोज ती बसपाशी मुलांना उतरवून घ्यायची. ड्रायव्हरकडे कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

“आधी सांगितलं नाहीस ते?”

“तुझ्यासमोर रडगाणं गाऊ?”

तोडगा तिथेच निघाला. मंडळाचे सभासद आणि गावातली निवृत्त मंडळी दुपारी पाळीपाळीने मुलं सांभाळतील. शिक्षक यंदा शुक्रवारचा हट्ट सोडतील.

शिक्षकांच्या सभेत मात्र एल्माला बोलणी खावी लागली. नवी शिक्षिका टेस सगळ्यात चिडली. तिची आजारी आई लांबच्या गावी. शुक्रवारी लवकर निघता आलं तर अंधाराआधी पोहोचता येणार होतं.

“कांगसबाई, तुमचं जेवण झालं, पण माझं काय?”

“तुझा शुक्रवारचा शेवटचा तास मी घेईन,” एल्मा म्हणाली. “माझा वर्ग त्या वेळी संगीताला जातो.”

मग मतदानाला टेसने हात वर केला. इतर दोघांनी तरीही केला नाही, पण करार मंजूर झाला.

पहिली पाळी रूडीची. एल्मा शिक्षकांच्या खोलीत जेवायला बसली, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, “अरे, बूट कुणाचा हा? बूट!” ती अर्धवट उठली.

टेसने तिची बाही धरली. “बसा हो. निस्तरतील ते.”

एल्मा बसली.