वनमालाचं रडणं

विद्याधर कारखानीस विमा कंपनीत कारकून होता, पण विलेपार्ल्याच्या सबनीस वाडीत त्याचं नाव होतं ते सिनेमांची सालं काढण्याबद्दल. रविवारी तीनचा खेळ बघून तो आला की ओट्यावर माणसं जमत. एका नावाजलेल्या नायिकेबद्दल तो म्हणाला होता, "बाई नाकाने रडते. डोळे बिचारे कोरडेच." पडद्यावर ढग रेंगाळले की म्हणे, "समजावं, दिग्दर्शकाला पुढचं सुचलेलं नाही. सुचेपर्यंत आभाळ बघा." हरवलेला भाऊ शेवटच्या रिळात सापडला, तर विद्याधर थेटरातच मोठ्याने हसे. वाडीला तो फार आवडायचा.

तळमजल्यावर दत्ताराम आणि वनमाला राहत. मालवणकडची माणसं, दोन वर्षांपूर्वी साकीनाक्याहून इथं आलेली. दत्ताराम अंधेरीच्या एका स्टुडिओत सुतार होता, सेट उभे करायचा. एकदा छोट्या कामाची बाई ऐन वेळी आली नाही. दिग्दर्शक वैतागला, तेव्हा दत्ताराम भीत भीत म्हणाला, "माझी बायको आहे." मुलाचं प्रेत अंगणात आणतात आणि आई उंबऱ्यात उभी असते, एवढंच काम. वनमालाने ते केलं. दिग्दर्शक खूश झाला. पुढच्या सिनेमात बोलावतो म्हणाला.

सिनेमा अंधेरीला लागला, तेव्हा अख्खी वाडी गेली. परत आल्यावर सगळे ओट्यावर टेकले. नवं लुगडं नेसलेली वनमाला भिंतीशी उभी होती. शेजारी दत्ताराम.

"बोल ना विद्याधर," कुणीतरी म्हणालं. "आज तर घरचंच काम आहे."

"घरचं म्हणून सोडू की काय?" विद्याधर उठला. "फोटोग्राफी झकास. अंगणातली सावली छान धरलीय. गोष्ट भिकार. पण वहिनी, पोराचं प्रेत समोर, आणि तुम्ही काय करता? पदर सारखा करता! जणू पोस्टमन आलाय."

त्याने नसलेला पदर दोन बोटांनी ओढला, मान वाकडी केली आणि उचकीसारखा एक हुंदका काढला. माणसं लोळायची बाकी राहिली.

वनमाला हसली नाही. "भावजी, साकीनाक्याला असताना आमचा अनंत गेला," ती म्हणाली. "सव्वा वर्षाचा होता. ह्यांनी हॉस्पिटलातून उचलून आणला. बरोबर परके पुरुष होते. मी आधी पदर सारखा केला, मग त्याला घेतला. सिनेमात तेच केलं."

वाडीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विद्याधर गडबडला. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि चारचौघांत गप्प बसणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"असेल, वहिनी," तो म्हणाला. "पण मग तुमचं काम त्या दिवशीही पडेलच झालं असणार."

त्याची बायको सुलक्षणा खुदकन हसली. का, ते तिचं तिलाही कळलं नाही. ती हसली तसे बाकीचे हसले. दत्ताराम खाली बघत राहिला.

जेवताना वनमालाने त्याला विचारलं, "अनंत गेलो त्या दिवशी मी रडलंय मा?"

"जेव गो."

"नाय, सांगा. लोकांका खरां वाटला असतला मा?"

दत्ताराम पान तसंच टाकून उठला.

पुढच्या सिनेमाचं बोलावणं खरंच आलं. लेकीच्या पाठवणीला आईने रडायचं होतं. दिवे लागले आणि वनमाला स्वतःच्या हातांकडे बघू लागली. "असं बरोबर दिसतं का?" तिने दिग्दर्शकाला विचारलं. पुन्हा विचारलं. "बाई, मला काय विचारता? रडा!" तो ओरडला. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. पाणी वाहिलं, पण चेहरा दुसऱ्या कुणाला तरी रडताना बघत असल्यासारखाच राहिला. शेवटी ते काम दुसऱ्या बाईला दिलं, आणि वनमालाला वऱ्हाडाच्या गर्दीत कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं. वर मांडवाला खिळे ठोकत दत्ताराम सगळं बघत होता.

तोही सिनेमा लागला. ओट्यावर विद्याधर म्हणाला, "या खेपेला वहिनींनी पाठीने फार समजून काम केलंय."

हशा झाला. वनमालाही हसली. "भावजींचं बरोबर आहे," म्हणाली. "मला नाहीच येत."

घरी आल्यावर सुलक्षणा म्हणाली, "एकदा बरं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मला खोटं बोलवत नाही," विद्याधर म्हणाला आणि शर्ट खुंटीला लावला.

उन्हाळ्यात दत्तारामने खोली सोडली. वनमाला गावी निघाली होती, परत न यायचं ठरवूनच. हातगाडीवर सामान चढत असताना सुलक्षणा बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन खाली आली.

"वाटेत होतील," ती म्हणाली.

वनमालाने हात पुढे केला नाही. "भावजी बोलतातच," ती म्हणाली. "त्यांचं मी मनावर घेतलं नसतं. पण तुम्ही हसलात. बाईमाणूस हसली, म्हणून मला खरं वाटलं."

सुलक्षणाने डबा आणखी पुढे केला. तोवर वनमाला हातगाडीवरचा स्टोव्ह सरळ करायला वळली होती. दत्तारामने गाडी ढकलली.

सुलक्षणा वर आली. संध्याकाळी तिने ते लाडू विद्याधरच्या ताटात वाढले. त्याने आणखी दोन मागून घेतले.