कोथिंबिरीमागची इंजेक्शनं

मी सोनगीरच्या प्रेमराजच्या घरातला फ्रीज बोलतोय. हेमांगीच्या लग्नात तिच्या माहेरहून, चोपड्याहून टेम्पोत बसून आलो. माझं काम थंड राहायचं. पण आज डोकं तापलंय, बोलू द्या.

माणसं माझं दार उघडून उभी राहतात आणि काय हवं होतं तेच विसरतात. त्याचं मला काही नाही. माझा राग लपवालपवीवर आहे.

हेमांगीला लहानपणी रक्ताचा कॅन्सर झाला होता. ती पूर्ण बरी झाली. पण ज्या औषधांनी तिला वाचवलं, त्यांनीच तिची स्त्रीबीजं कमी केली. प्रेमराजला हे लग्नाआधीच माहीत होतं. त्याच्या आईला, सुंदरबाईंना, कुणी सांगितलं नाही. "नंतर सांगू," म्हणाले सगळे. ते 'नंतर' शेवटी माझ्या पोटात येऊन बसलं. मूल व्हावं म्हणून धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली इंजेक्शनं एका डब्यात, कोथिंबिरीच्या जुडीमागे. रोज संध्याकाळी हेमांगी खोलीचं दार लावून पोटावर सुई टोचून घ्यायची. उरलेली बीजं झपाट्यानं संपताहेत, थांबायला वेळ नाही, असं तिला बजावलं होतं.

श्रावण आला. आमच्याकडे कानबाई देवी बसायची म्हणजे भिंती रंगतात, भांडं न् भांडं घासून निघतं. हेमांगी तपासणीला धुळ्याला गेली होती. सुंदरबाईंनी माझी वायर उपटली.

"बठ्ठं बाहेर काढा! कानबाईना घरमा शिळंपाकं नको."

मी धुतला गेलो. डबा अंगणात, लोणच्याच्या बरणीशेजारी. त्या दिवशी नेमकं कडक ऊन.

हेमांगी परतली. डबा हाताला गरम लागला. तिनं फोन लावला. "ती आता वापरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही खेप गेली."

"हाई कसानं औषध शे व?" सासूनं विचारलं.

मग हेमांगीनं तिथंच अंगणात, शेजारपाजार ऐकत असताना, सगळं सांगून टाकलं.

"माले का सांगं नही?"

"सांगितलं असतं तर सून करून घेतलं असतं, आई?"

सुंदरबाईंनी लोणच्याची बरणी उचलून सावलीत ठेवली. "नही," म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगतो.

कानबाईचा रोट, म्हणजे तिचा प्रसाद, खायला भाऊबंद जमले. चुलतसासू सुनंदाबाईंनी पहिल्याच घासाला तोंड सोडलं. "कॅन्सरवाली करी लयनात, आते भरा डॉक्टरनं घर!"

हेमांगी वाढता वाढता थांबली. "काकू, कॅन्सर गेला. मी आहे. पुढची औषधं फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, अगदी समोर ठेवणार आहे. या बघायला."

"बघाले ये," सुंदरबाई म्हणाल्या, "पन हात लावशी ते मन्हासंगे गाठ शे!"

पुढच्या खेपेला बीजं हाती लागली ती मोजकीच. प्रयोगशाळेत गर्भ एकच तयार झाला. "आशा धरा, खात्री मागू नका," असं डॉक्टरीणबाईंकडून ऐकून घर कितीतरी दिवस दबक्या आवाजात बोलत होतं. मीसुद्धा घरघर कमी केली असती, जमलं असतं तर.

तोच एक गर्भ रुजला; ती पलक आता रांगते. माझ्या दाराचं रबर ओढते. रबर सैल झालंय, गार हवा निसटते, दिवाळीला मला बदलायचं चाललंय. खुशाल बदला. पण जाताना सगळ्याच घरांना एक विचारतो. आजारातून उठलेली पोर सून म्हणून आली, तर तिला औषध लपवायला तुम्ही का लावता? लाज तिला कशाची? ती मरणाशी भांडून आलीय. तुम्ही काय केलंय?

परवा पलक शिंकली. सुनंदाबाई लगेच पुढे सरसावल्या, "दखाडी या डॉक्टरले. मायले काय व्हतं, माहीत शे ना?"

हेमांगीनं पोरीचं नाक पुसलं, तिला कडेवर घेतलं.

"सर्दी झालीय, काकू. सर्दीच म्हणा."