पुढे फडकणारा झेंडा

मी एक जुनी युद्धनौका आहे. घाबरू नका मित्रांनो, मी तुमच्या करंगळीहून मोठी नाही. खरं पाणी मला कधी लागलं नाही. माझा समुद्र म्हणजे टेबलावर अंथरलेलं निळं कापड.

फालमथ बंदराच्या चढावर डेन्झिल पेंगेली यांची छोटी खोली आहे. तिथे शिसं नि कथील वितळलं, रबरी साच्यात उतरलं आणि मी जन्मले. कडेला राहिलेला धातू त्यांनी कानशीने हळुवार घासला, जसं बाळाचं नख काढावं. पितळी पत्र्याची शिडं चढवली. शेवटी मागच्या काठीला कागदाहून पातळ झेंडा लावला आणि तो नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे वळवला.

मला विकत घेतलं शाळामास्तर क्लिफर्ड ब्रे यांनी. सागरी लढायांचे खेळ मांडणाऱ्या मंडळाचे ते सभासद. झेंडा पाहून ते हळहळले. जहाज पुढे चाललंय, तर झेंडा मागे नको का? म्हाताऱ्याला आता दिसत नाही, असं म्हणत त्यांनी चिमट्याने तो मागे वळवला. मायेनेच वळवला, पण गोष्ट मंडळभर झाली: पेंगेलींचे झेंडे उलटे असतात. हळूहळू त्यांच्याकडे मागणी येईना.

जुने साचे तडकत आले होते. पेंगेलींची लेक लोवेना म्हणाली, मंडळाने नव्या आरमारासाठी आपली जहाजं निवडली तर मी नवे साचे करीन. नाहीतर बाबा, खोलीला कुलूप लावू.

एका रविवारी दुपारी निवड ठरली. तीन कारागिरांच्या नौका चहाच्या कपांशेजारी ओळीने उभ्या राहिल्या. पहिलीच्या खिडक्या मोजून घ्याव्यात, इतकी नाजूक! दुसरी अशी दणकट, की मुलांच्या हातून पडावी नि पुन्हा लढाईला निघावी. दोघींना पाहून माझाच ऊर भरून आला. तिसरी मी, पेंगेलींच्या कामाचा नमुना म्हणून मास्तरांनी आणलेली.

खऱ्या जहाजांची शिडं शिवण्यात जन्म घालवलेल्या टॅम्सिन रो परीक्षक होत्या. त्यांनी मला तळहातावर घेतलं.

"शिडं पुढे फुगलीत. वारा कुठून येतोय, मास्तर?"

"मागून."

"मग मागे उडणारा हा झेंडा काय घरून वेगळा वारा घेऊन आलाय?"

सगळे हसले. क्लिफर्ड मात्र लाल झाले. "पेंगेलींनी तो पुढेच लावला होता," ते म्हणाले. "मागे मी वळवला."

घाईघाईने ते झेंडा पुन्हा पुढे करू लागले. पातळ धातू तो. दुसऱ्यांदा वाकला नाही, तुटला. टॅम्सिनबाईंनी तो तुकडा कपाच्या बशीत ठेवला आणि पेंगेलींच्या नावापुढे निवडीची खूण केली. वारा ओळखणारा हात आहे, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी क्लिफर्ड मला घेऊन चढ चढले. दारातच त्यांनी सगळं सांगितलं. पेंगेलींनी माझ्या मोकळ्या काठीवरून बोट फिरवलं. आत लोवेना नवा साचा कापत होती.

"एवढंच ना? नवा लावून देतो."

"नको. राहू दे तशीच. मंडळात नवीन आलेल्यांना दाखवीन आणि झेंडा कुणी तोडला म्हणून माझं नाव सांगेन."

मित्रांनो, कुणाचं काम तुम्हाला चुकलेलं वाटलं, तर चिमटा उचलण्याआधी त्याच्या दारी जा आणि विचारा. चढ थोडा आहे, पण दार उघडं असतं.