टॉवर येते ती फरशी

मी फरशी बोलतेय. शहाबादी, काळसर, एका कोपऱ्याला टवका उडालेली. दगड आहे म्हणून जड बोलेन असं समजू नका. वजन जड आहे, स्वभाव नाही.

खाणीतून ट्रकने मी खामगावला आले आणि तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सिमेंटच्या पोत्यांना टेकून, पिंपळगाव राजाच्या रस्त्यावरच्या एका गावात. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्हरांड्याचं काम निघालं होतं. माझ्या बहिणी तिथे एकमेकींना खेटून बसल्या. मी एकटी उरले. गवंड्याने मला ऑफिससमोर, दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत टाकलं. म्हणाला, "राहू द्या इथंच. पोट्ट्याइले पाय पुसाले होईन."

तेच माझं पहिलं काम, आणि मला ते फार आवडायचं. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती चपलेला अशी चिकटते की मूल दोन बोटं उंच होऊन शाळेत येतं. माझ्या कडेवर चपला घासायच्या, चिखलाचे लोंदे पाडायचे, एकमेकांना ढकलायचं आणि वर्गात पळायचं. दिवसभर मी चिखलाने माखलेली असायचे आणि मजेत असायचे.

मग एके दिवशी एका गुरुजींनी गृहपाठ न केलेल्या पोराला सांगितलं, "जा, त्या फरशीवर उभा राह्य." बस्स. त्या एका वाक्याने माझी नोकरी बदलली.

त्या काळात शाळेत छडीही होती. पुढे कायदा आला. मुलांना मारायचं नाही, मनालाही त्रास द्यायचा नाही. छडी परसबागेत गेली आणि तिच्यावर वालाचा वेल चढला. फार सुखात होती ती. मी मात्र जिथल्या तिथे. उभं राहणं म्हणजे काही मारणं नव्हे, असं मोठ्या माणसांनी आपसात ठरवून टाकलं. उन्हाळ्यात माझ्यावर अनवाणी उभं राहून बघा, मग ठरवा.

मला माणसं तळव्यांवरून कळतात. शिक्षा झालेलं मूल आधी ताठ उभं राहतं. थोड्या वेळाने भार एका पायावर येतो. मग अंगठा हळूहळू माझ्यावर चित्र काढायला लागतो. मोठ्यांना वाटतं, ते आपल्या चुकीचा विचार करत असेल. अहो, कुठला विचार! ते मुंग्या बघतं. शाळेचं जेवण रांधणाऱ्या कलाबाईंच्या खिचडीचा वास घेऊन आज मूग आहे की मटकी ते ओळखतं. वर्गात गणित चाललेलं असतं आणि ते बिचारं गणितातच कच्चं असतं. ज्याला वर्गाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच वर्गाबाहेर काढायचं, ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली ते मला अजून कळलेलं नाही. मी दगड आहे म्हणून गप्प बसले. तुम्ही का बसलात?

असो. माझं नशीब फिरलं ते मोबाईलमुळे.

हल्ली शाळेची सगळी माहिती रोज मोबाईलवरून पाठवावी लागते. किती मुलं आली, किती जेवली, काय शिजलं. आणि आमच्या शाळेत टॉवर येत नाही. रेंजला आमच्याकडे टॉवरच म्हणतात. गुरुजी मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढले, हापशावर चढले, झेंड्याच्या ओट्यावर उभे राहिले. काही नाही. शेवटी गोकुळ सर, गावातलेच तरुण शिक्षक, हात वर करून फिरता फिरता माझ्यावर आले आणि ओरडले, "आली! आली! मॅडम, टॉवर आली!"

दोन इमारतींच्या फटीतून टेकडीवरचा टॉवर बरोबर माझ्याकडे बघतो, हे मला तरी कुठे माहीत होतं?

तेव्हापासून मुख्याध्यापिका अनुपमा मॅडम रोज माझ्यावर उभ्या राहू लागल्या. खामगावहून बसने येतात. शिस्तीच्या पक्क्या, पण वाईट नाहीत. डब्यातली आंब्याची फोड पोरींना देताना मी पाहिलंय. त्या हात उंच करून, मान वाकडी करून उभ्या राहायच्या आणि पहिलीतली लेकरं लांबून बघायची. त्यांना एवढंच ठाऊक होतं की या फरशीवर जो उभा राहतो त्याचं काहीतरी चुकलेलं असतं. एकदा पहिलीतल्या हीनाने गोकुळ सरांना विचारलंही, "सर, मॅडमनं काय केलं?" सर तोंडावर रुमाल धरून वर्गात पळाले.

आता सायराची गोष्ट सांगते. सातवीतली पोरगी, मुलींच्या खो-खो संघाची कप्तान. खांबावर अशी झेप घेते की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. वडील कय्यूमभाई भाजीपाल्याचा छोटा टेम्पो चालवतात. शुक्रवारी खामगावला तालुक्याचे सामने होते आणि संघाला त्याच टेम्पोतून न्यायचं ठरलं होतं.

बुधवारी परिपाठाच्या वेळी सगळी शाळा डोळे मिटून उभी होती. तेवढ्यात कलाबाईंची कोंबडी झेंड्याच्या ओट्यावर चढली आणि मॅडमच्या शेजारी, अगदी मॅडमसारखीच मान ताठ करून उभी राहिली. सायराने एक डोळा उघडला होता. ती फिसकन हसली. तिच्यामागची, तिच्याच संघातली जयमाला हसली, मग रांगच्या रांग हसली. शिक्षा एकट्या सायराला.

ती माझ्यावर येऊन उभी राहिली. अजून हसू दाबत होती, मला तळव्यांतून कळत होतं. थोड्या वेळाने मॅडम मोबाईल घेऊन आल्या. माहिती पाठवायला सुरुवात केली, पण गाडी काही पुढे सरकेना. तिकडे चौथीचा वर्ग गोंधळ घालत होता. मॅडमनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मोबाईल सायराच्या हातात दिला.

"वर धरून ठेव. हलू नको. पूर्ण गेलं की आवाज दे."

"हाव मॅडम."

शिक्षाही झाली आणि टॉवरही मिळाली. मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि नेमकी तेव्हाच फाटकातून मोटारसायकल आत आली. केंद्रप्रमुख उकंडराव साहेब. आसपासच्या सगळ्या शाळांवर देखरेख त्यांची. शाळेत मुलांनी मोबाईल वापरायचा नाही, हा त्यांचा सगळ्यात लाडका नियम. जो वापरेल तो खेळातून आणि सहलीतून बाद.

"ये पोरी! मोबाईल? शाळेत? अन् तेबी उघड्यावर, हात वर करून?"

सायरा हलली नाही. हलू नको असं सांगितलं होतं ना.

मॅडम वर्गातून धावत आल्या. साहेब म्हणाले, "मॅडम, हे काय चालू आहे? कोन्या संघात आहे ही?"

"खो-खोची कप्तान आहे," गोकुळ सर हळूच म्हणाले.

"होती म्हना. नियम म्हंजे नियम. शुक्रवारी ही जानार नाही."

आता मॅडमनी एक वाक्य बोलायचं होतं. मोबाईल माझा आहे, मीच दिला. पण त्या हे बोलल्या असत्या तर पुढचा प्रश्न आला असता. तास चालू असताना पोरगी बाहेर का? शिक्षा म्हणून? मग कायद्याची गोष्ट निघाली असती. मॅडमनी सायराच्या हातातून मोबाईल घेतला आणि साहेबांना चहाला ऑफिसात नेलं.

माहिती तेवढ्यात पूर्ण गेली होती. टुंग करून वाजलं. कोणाचं लक्ष नव्हतं.

शाळा सुटल्यावर सायरा आपण होऊन माझ्यावर येऊन बसली. जयमाला तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तू काऊन नाही सांगतलं बे? मॅडमनंच देला होता ना मोबाईल?"

"मंग मॅडमले बोलनं बसलं असतं."

"अन् तुले बसलं ते?"

"मले काय, रोजचंच आहे."

"लय शायनी झाली तू! खांबावर कोन झेपावनार? मी? मी तं खांबाले डोकं आपटून येतो."

सायरा हसली. मग रडली. मग तिने खो-खोचा निळा टी-शर्ट दप्तरातून काढला, नीट घडी करून जयमालाच्या हातात दिला आणि म्हणाली, "अब्बाले नको सांगू. टेम्पो धुवून ठेवला त्यानं."

तुम्हाला सांगते, चिखल, ऊन, गारा, सगळं झेललंय मी. त्या घडी घातलेल्या टी-शर्टाइतकं जड काहीच वाटलं नव्हतं.

गुरुवार असाच गेला. मॅडम दोनदा सायराच्या वर्गाच्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. येता-जाता माझ्यावरूनच जायच्या, म्हणून माहीत.

शुक्रवारी सकाळी फाटकाशी टेम्पो उभा राहिला. चकचकीत धुतलेला, पुढे झेंडूची माळ. कय्यूमभाई खाली उतरले आणि ओरडले, "चला बेटा चला, कप्तान कुठं आहे?" पोरी निळे टी-शर्ट घालून उभ्या होत्या. सायरा गणवेशात, सगळ्यात मागे. संघाबरोबर जायला उकंडराव साहेबही मोटारसायकल घेऊन हजर होते.

मॅडम माझ्यावर उभ्या होत्या. खो-खोच्या मुलींची नावं ऑनलाइन पाठवायची राहिली होती. हात उंच, मान वाकडी. तेवढ्यात हीना तुरुतुरु त्यांच्यासमोर आली. पहिलीतल्या लेकराचा आवाज असा असतो की गावाच्या वेशीवर ऐकू जावा.

"मॅडम, तुमचं काय चुकलं?"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. गोकुळ सरांनी या वेळी रुमाल काढला नाही.

मॅडमचा हात हळूहळू खाली आला. मला त्यांचे पाय कळत होते. आधी ताठ. मग भार एका पायावर. मग चपलेच्या आत अंगठा हलला. अगदी मुलांसारखाच.

"चुकलं," त्या म्हणाल्या. आधी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बुधवारी सायराच्या हातात मोबाईल मी दिला होता. तिनं मागितला नव्हता. कोंबडी बघून हसली म्हणून मी तिला वर्गाबाहेर काढलं, ते पहिलं चुकलं. आणि साहेबांसमोर मी गप्प राहिले, ते सगळ्यात मोठं चुकलं. साहेब, काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. ही पोरगी आज खेळायला जाईल."

उकंडराव साहेबांनी हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. शेवटी म्हणाले, "मॅडम, माह्या शाळेच्या दिवसांत मी बी फरशीवर लय उभा राह्यलो. पन मास्तर उभा राह्यलेला आजच पाह्यला." मग सायराकडे वळून दरडावलं, "तू काय पाहून राह्यली? कपडे बदल ना, सामना सुरू होईन!"

जयमालाने दप्तरातून टी-शर्ट असा काढला जसा काही तो तिथे याच क्षणासाठी ठेवला होता. कय्यूमभाईंना काय घडलं ते अर्धंच कळलं. तरी त्यांनी हॉर्न इतका वाजवला की कोंबडी पुन्हा ओट्यावर चढली. त्या दिवशी सगळी शाळा हसली आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.

निकाल विचाराल म्हणून सांगते, दुसऱ्या सामन्यात हरल्या. पण टेम्पो संध्याकाळी असा गाणी म्हणत आला की गावाला वाटलं कप आणला. सायरा सगळ्यात जोरात गात होती.

सोमवारी मॅडमनी मुलांनाच विचारलं, या फरशीचं काय करायचं? माझ्या तोंडावर! कोणी म्हणालं फोडा. कोणी म्हणालं हापशाखाली टाका. कलाबाईंनी गॅसच्या शेगडीखाली मागितली. मी देवाचं नाव घेत होते. शेवटी गोकुळ सर म्हणाले, "अरे, पन टॉवर?" त्यामुळे मी वाचले.

मग मुलांनी नवा नियम केला. शिक्षा म्हणून कोणी इथे उभं राहणार नाही. पण ज्याला सांगायचं आहे त्याने इथे उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. परिपाठात हसला, तर कशाचं हसू आलं ते सगळ्यांना सांग, म्हणजे सगळ्यांना हसता येईल. कचरा केला तर उचल, कोणाला दुखावलं तर त्याच्याशी बोल. उशिरा आला तर का ते सांग. आठवडाभरात कळलं की रोज उशिरा येणारी चार पोरं नाल्यापलीकडची आहेत आणि पाणी असलं की लांबून वळसा घेतात. इतकी वर्षं त्यांना माझ्यावर उभं केलं जात होतं. का रे बाबा, असं एकदाही कोणी विचारलं नव्हतं! आता तिथे ग्रामपंचायतीने लाकडी फळ्या टाकल्या आहेत. पोरं वेळेवर येतात आणि चिखलाच्या चपला माझ्या कडेवर घासतात. माझी जुनी नोकरी मला परत मिळाली.

मी नियमांच्या विरुद्ध नाही. दगडच आहे, मला जागच्या जागी राहायला आवडतं. पण गुरुजनांनो, आईवडिलांनो, साहेबांनो, तुमच्या शाळेत, घरात, अंगणात माझी एखादी बहीण असेल तर तिच्यावर लेकराला उभं करण्याआधी त्याला एकदा विचारा. उत्तर ऐकायला फार वेळ लागत नाही. आणि विचारायची सवय उद्यापासून लावू म्हणू नका. आजच लावा. मुलं लवकर मोठी होतात.

मी इथेच आहे. टवका तसाच आहे. मॅडम अजूनही रोज माझ्यावर उभ्या राहतात, हात उंच, मान वाकडी. आता येता-जाता सगळीच पोरं विचारतात, "मॅडम, आज काय चुकलं?"

आणि मॅडम मोबाईलवरची नजर न काढता म्हणतात, "अजून तरी काही नाही. पण दिवस मोठा आहे."