फुटक्या कोपऱ्याचं कौल

मी कौल बोलतोय. पत्रा नव्हे, कौल! आधीच सांगितलेलं बरं.

मातीचा जन्म माझा, भट्टीत भाजून पक्का झालो. ट्रकातून गचके खात पूर्णगडजवळच्या वाडीत आलो आणि रामाच्या घरावर, माळ्याच्या बरोबर वर बसलो. रामा दर वैशाखात छपरावर चढायचा, आम्हाला एकेक उचलून झाडायचा, पुन्हा बसवायचा. चाळीस पावसाळे मी खाली थेंब पडू दिला नाही.

रामा गेला. मुलगा विनोद मुंबईत नोकरीला, घर सून राही सांभाळते. विनोदला पत्रे हवेत. दर गणपतीला वर बघून म्हणतो, "यंदा ही काढायची." म्हटलं, बघू!

यंदा मे महिन्यात वादळ आलं. फणसाची फांदी कोसळली, निम्मी कौलं फुटली. मी घरंगळत पेंढ्यावर पडलो. एक कोपरा गेला, बाकी शाबूत.

विनोदचा फोन आला, "कशाला हात लावू नको. तलाठ्यांनी डोळ्यांनी बघितलं पाहिजे. आधी पंचनामा, तरच भरपाई." सगळ्या वाडीने तेच केलं. घरं उघडी टाकून माणसं वाट बघत बसली! मला हात असते तर या शहाणपणापुढे टेकले असते.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. माळ्यावर पेरणीचं भाताचं बियाणं होतं आणि ते हलवायला घरात न गळणारी जागा उरली नव्हती. राहीने पदर खोचला, शिडी लावली.

"खाली उतर गो! बायकांनी छपरावर चढायचं नसतं," शेजारचे भिकाजी ओरडले. "आणि पंचनाम्याचं काय?"

"पाऊस थांबतोय काय पंचनाम्याला? काका, कौलं द्या वर."

भिकाजींनी परसातल्या थप्पीतली जुनी कौलं दिली. मला बाजूला टाकलं, "हे फुटकं." शेवटी एकच जागा उरली, बियाण्याच्या वरची. थप्पी संपली होती.

"तेच द्या," राही म्हणाली. "फुटका कोपरा वरच्या ओळीखाली जातोय."

संध्याकाळी पाऊस कोसळला. मी खालच्या लाकडी रिपेला घट्ट धरून बसलो. एक थेंब खाली जाऊ दिला नाही.

चौथ्या दिवशी तलाठी आले, वर बघितलं आणि 'नुकसान आढळले नाही' असं लिहून गेले. विनोद फोनवर भडकला.

"बियाणं कोरडं हाय," राही म्हणाली. "पत्रे घालायचे तर स्वतः या नि स्वतः चढा."

आता ते बियाणं शेतात हिरवंगार रुजलंय. मी फुटका, शेवाळलेला, पण माझ्या जागेवर आहे. विनोदा, ये खुशाल. मला काढायच्या आधी राहीला मात्र विचार. शिडी तिच्या ताब्यात आहे.